चूल का जळत नाही?

प्रश्न माझ्या भाचीचा. वय वर्षं सहा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावी गेलो होतो. परसात चूल पेटलेली, वर अंघोळीच्या पाण्याचा हंडा. भाची गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत बसली होती. मध्येच म्हणाली, "मामा, लाकूड जळतंय. मग चूल का नाही जळत?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आजीने फुंकणीतून एक फुंकर घातली आणि हसत म्हणाली, "काहून वो, मातीले का आग लागत असते का?"

आजीचं बोलणं बरोबर होतं, पण ते उत्तर नव्हतं. मोठी माणसं अशी वाक्यं फार बोलतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग मी तिथेच चुलीपुढे बसून विचार केला. जळणं म्हणजे काय? लाकडात कार्बन असतो, हायड्रोजन असतो. ते तापले की हवेतला ऑक्सिजन पकडतात, जोडी जमवतात, आणि त्या गडबडीत उष्णता आणि उजेड बाहेर पडतो. यालाच आपण आग म्हणतो. आता माती बघा. मातीत मुख्यतः सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम. पण त्यांची ऑक्सिजनशी जोडी कधीच जमून गेली आहे, तुमच्या-माझ्या जन्माच्या कोट्यवधी वर्षं आधी. त्या लग्नाचा मांडवसुद्धा केव्हाच उतरला. आता तिथे पुन्हा कसला बँड वाजणार?

म्हणून दगड जळत नाही. वाळू जळत नाही. राख तर नाहीच नाही, कारण राख म्हणजे जळून उरलेलीच वस्तू. आणि एक गंमत सांगू? पाणीही याच टोळीतलं. हायड्रोजन जळला की पाणी होतं. म्हणजे रोज सकाळी आपण तांब्याभर जळून झालेला हायड्रोजन पितो!

हे भाचीला सांगितल्यावर तिने तिचा पेला दोनदा हुंगून पाहिला.

आजीचं घर कवेलूचं. तुमच्याकडे कौलारू म्हणत असतील. भिंती मातीच्या, मागच्या खोलीची भिंत कुडाची, म्हणजे बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती, शेण आणि तणसाचे, म्हणजे धानाच्या वाळलेल्या काड्यांचे, बारीक तुकडे कालवून लिंपलेली. वर सागाची तुळई. आजी तिला मयाल म्हणते. मयाल काळीकुट्ट, पन्नास पावसाळ्यांच्या चुलीचा धूर खाऊन.

कवेलू आणि वीट या दोघींची परीक्षा तर जन्मतानाच होते. भट्टीत 900 ते 1000 अंश सेल्सियसला भाजून निघाल्याशिवाय त्या घरात येतच नाहीत. घराला लागलेली आग त्यांना नवीन काय दाखवणार! याच जिल्ह्यात तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा जळून मैद्यासारखी बारीक राख उरते आणि तिच्याही विटा पाडतात. राखाडी रंगाच्या विटांचा ट्रक रस्त्यात दिसला तर ओळखा, जळून झालेल्या कोळशाचं घर निघालंय.

जळून झालेलं पुन्हा जळत नाही, ही युक्ती जंगलवाल्यांनाही माहीत आहे बरं. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात उन्हाळा तापायच्या आधी वनखात्याची माणसं ठरावीक पट्ट्यांतला पालापाचोळा स्वतःच जाळून टाकतात. या पट्ट्यांना म्हणतात जाळरेषा. वणवा धावत धावत तिथवर येतो आणि पुढे खायलाच काही नाही! ताट आधीच चाटूनपुसून ठेवलेलं.

आता इथवर वाचून तुम्ही म्हणाल, सोपं आहे की. जगातल्या वस्तूंच्या दोन टोपल्या करायच्या, जळणाऱ्या आणि न जळणाऱ्या. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही राईस मिलमध्ये गेलो आणि टोपल्यांचा घोटाळा झाला.

वाटेत शेतांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले होते. कापणीनंतर धानाच्या पेंढ्यांची घरासारखी रास लावतात, ते पुंजणं. मळणी होईपर्यंत शेतकऱ्याचं वर्षभराचं अन्न त्यात असतं. त्याच्या आसपास कोणी बिडी पेटवली तर म्हातारी माणसं अंगावर धावून जातात, आणि बरोबरच करतात. एक ठिणगी पडली की बादली आणेपर्यंत पुंजणं गेलेलं असतं.

आणि राईस मिलच्या मागे? तिथे होता तुसाचा डोंगर. तूस म्हणजे धानाचं टरफल. कोणी त्याला कोंडा म्हणतं, कोणी भुसा. शंभर किलो धान भरडलं की साधारण वीस किलो तूस निघतो, आणि गोंदिया जिल्ह्यात तर धानाशिवाय बोलायचं नाही. हाच तूस मिलच्या बॉयलरला खाऊ घालतात, त्याच्या वाफेवर उकड्या तांदळाचं धान उकडतं. म्हणजे तूस जळतो. पण कसा जळतो? तणस पेटतं तसा भडकन नाही. रुसलेल्या पोरासारखा आतल्या आत धुमसतो.

मूठभर तूस हातात घ्या. बोचतो, अंगाला लागला तर खाजतो. कारण त्यात सिलिका आहे, वाळूत असते तीच. धानाचं रोप ती मातीतून पाण्याबरोबर ओढतं आणि दाण्याला चिलखत म्हणून चढवतं. शंभर किलो तूस जाळला तर वीसेक किलो राख उरते. त्या राखेत सुमारे 90 टक्के सिलिकाच. लाकडाची राख शंभर किलोला एखाद-दुसरा किलो, म्हणजे बघा! ही तुसाची राख पुढे कुठे जाते सांगू? पोलादाच्या कारखान्यात. 1500 अंशांच्या वर तापलेल्या पातळ पोलादावर ती पसरतात, ते निवू नये म्हणून. आपण भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवतो ना, अगदी तसं.

पण नुसतं सिलिकाचं चिलखत हे काही पूर्ण कारण नाही. तणस पोकळ, सैल, काडीकाडीत हवा. तूस एकमेकाला चिकटून बसलेला, आत हवा शिरायला जागाच नाही. एक कागद चुरगळून पेटवला तर झटक्यात संपतो. पाचशे पानांचं पुस्तक पेटवायला गेलात तर नुसत्या कडा काळ्या होतात. (पेटवू नका. लेखकांचे शाप लागतात.) कागद तोच. हवेशी भेट किती ठिकाणी होते, त्यावर सगळा खेळ.

धुमसण्याला मात्र कमी लेखू नका. 14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या दाबून बांधलेल्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. शेजारीशेजारी! गाठींमधून दुपारी धूर येऊ लागला. पाणी मारून मारून थकले, पण दाबलेल्या कापसाच्या आत आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. चारच्या सुमारास जहाज उडालं. अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी त्या दिवशी जीव दिला. म्हणून 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिवस पाळतात. तुम्हाला त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे शाळेत कोणी सांगत नसेल.

आणि लोखंड? ते तर नक्की न जळणाऱ्या टोपलीत, नाही का? मग दिवाळीत फुलबाजी लावलीत तेव्हा काय पाहिलंत? त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचा कीस जळत असतो. वेल्डिंगच्या दुकानात कटर लोखंडावर टेकला की पिवळ्या ठिणग्यांचा फवारा उडतो, तोही तसाच. लोखंडाचा खांब जळत नाही, लोखंडाचा कीस जळतो. टोपल्या गेल्या उलथून.

म्हणून घरं बांधायच्या वस्तूंची परीक्षा घेणारे लोक नुसतं "जळतं का?" असं विचारत नाहीत. ते वस्तूला भट्टीत बसवतात. उभी नळीसारखी छोटी भट्टी, आत 750 अंश. नमुना तुमच्या मुठीत मावेल एवढाच, 45 मिलिमीटर जाड आणि 50 मिलिमीटर उंच. तो आत सोडायचा आणि बघत बसायचं. भट्टीचं तापमान त्याच्यामुळे वाढलं का? ज्वाळा निघाली का? वजन किती घटलं? विटेचा तुकडा आत शांत बसतो, नुसता लाल होतो. लाकडाचा तुकडा लगेच पेटून भट्टीला आणखी तापवतो, म्हणजे तो पाहुणा म्हणून आला आणि स्वतःच चूल मांडून बसला.

या आणि आणखी काही परीक्षांवरून युरोपात वस्तूंना इयत्ता देतात. ए1 म्हणजे वर्गात पहिला, आगीला काडीची मदत न करणारा. मग ए2, बी, सी असं करत एफपर्यंत. प्रगतिपुस्तकात आणखी दोन विषय असतात. एक धुराचा, किती सोडतो. दुसरा थेंबांचा. हो, थेंब! थर्माकोल तापला की वितळतो आणि त्याचे जळते थेंब टपटप खाली पडतात. खाली सतरंजी असेल तर आग एका उडीत तळमजल्यावर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही भिंतींच्या आणि छतांच्या आतल्या पृष्ठभागांचे चार वर्ग आहेत. त्यांवरून ज्वाळा फार सावकाश सरकते, सावकाश सरकते, मध्यम वेगाने सरकते की पळत सुटते, असे.

धुराच्या विषयात नापास होणं सगळ्यात वाईट. 21 डिसेंबर 2016 च्या पहाटे गोंदिया शहरात एका हॉटेलला आग लागली आणि सात माणसं गेली. इमारतींच्या आगीत ज्वाळेपेक्षा धूरच जास्त माणसांचा जीव घेतो. म्हणून शाळेत आगीची तालीम घेतात तेव्हा खाली वाकून, रांगत बाहेर पडायला शिकवतात. धूर आधी वर छताशी जमतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीजवळ उरते. तुम्ही तालमीत खिदळत रांगता हे मला माहीत आहे. रांगा, खिदळतच रांगा, पण रांगायला शिका.

पण थांबा. खरी मजा तर पुढे आहे.

समजा दोन खोल्या आहेत. एकीचं छप्पर लोखंडी गर्डरवर, दुसरीचं जाडजूड सागाच्या मयालीवर. दोन्ही खोल्यांना आग लागली. कुठलं छप्पर आधी कोसळेल?

भाचीने लाकडाचं सांगितलं. तिच्या आईनेही. मीसुद्धा लहानपणी तेच सांगितलं असतं.

लोखंड पेटत नाही, खरं. पण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. वितळायला 1500 अंश लागतात, मान्य, पण वाकायला कुठे वितळावं लागतं? आणि साध्या खोलीच्या आगीत हे तापमान बघता बघता येतं. उघडा, पातळ गर्डर पंधरा-वीस मिनिटांत मान टाकू शकतो.

सागाची मयाल मात्र पेटते. बाहेरून काळी पडते. तिच्यावर कोळशाचा थर चढतो. आणि हा कोळसाच तिची गोधडी होतो! कोळशातून उष्णता फार हळू आत जाते. टणक लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर एवढंच आत जळत जातं. अर्ध्या तासात दीड सेंटिमीटर. त्या कोळशाच्या आत बोटभर गेलं की लाकूड जवळजवळ पहिल्यासारखं शाबूत, भार घेऊन उभं.

म्हणजे जी वस्तू जळते ती जास्त वेळ टिकली आणि जी जळत नाही ती आधी वाकली. तर प्रश्न एक नाही, दोन आहेत. पेटतं का, हा पहिला. आणि आग लागल्यावर किती वेळ उभं राहतं, हा दुसरा. पहिल्यात पास झालेला दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकतो.

दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा बघायला मला फार आवडेल. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ती घेतात. तीन मीटर उंच, तीन मीटर रुंद अशी खरीखुरी भिंत किंवा दार बांधायचं, ते भट्टीच्या तोंडाशी झाकणासारखं बसवायचं आणि आत आग लावायची. आगीलाही वेळापत्रक असतं. पाच मिनिटांनी 576 अंश, अर्ध्या तासाने 842, तासाभराने 945. ही परीक्षा कोणाचीही घ्या, आग याच पावलांनी चढली पाहिजे, नाहीतर एकाला सोपा पेपर आणि दुसऱ्याला अवघड असं व्हायचं.

परीक्षक भिंतीच्या गार बाजूला उभे. भिंत पडली का? तिला भेग पडून आग आरपार आली का? ही बाजू तापली का, म्हणजे सरासरी 140 अंशांहून जास्त चढली का? तापमानाला यंत्रं आहेत. पण भेगेतून आग येते की नाही, हे तपासायला काय वापरतात माहीत आहे? कापूस! तळहाताएवढी कोरड्या कापसाची गादी तारेच्या चौकटीत बसवून भेगेसमोर धरतात. कापूस पेटला की भिंत नापास. एवढ्या मोठ्या भट्ट्या, एवढी यंत्रं, आणि शेवटचा निकाल कापसाच्या बोळ्याकडे! विदर्भातल्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं.

निकाल मार्कांत नसतो, मिनिटांत असतो. तीस मिनिटांचं दार, साठ मिनिटांची भिंत, दोन तासांचा जिना. ती मिनिटं दाराची नाहीत, तुमची आहेत. तेवढ्यात झोपलेल्यांना उठवायचं, आजोबांना हात द्यायचा, मांजर शोधायचं आणि बाहेर पडायचं.

मग लोखंडी गर्डरचं काय करायचं? त्याला पांघरूण घालायचं. कॉंक्रीटमधली सळई तशीच झोपलेली असते, सिमेंटच्या दुलईत. काही ठिकाणी गर्डरला खास रंग देतात. एरवी नुसता रंग. तापला की पापडासारखा फुगतो आणि फेसाची जाड साय धरतो. आणि कुडाची भिंत आठवा. बांबू हा किती पेटणारा गडी, पण दोन्हीकडून मातीचा लेप बसला की आगीला तो सापडत नाही. युक्ती एकच. आजीच्या कुडाच्या भिंतीला कोणी मिनिटांचं प्रमाणपत्र दिलेलं नाही एवढंच.

पांघरुणांत माझं लाडकं म्हणजे जिप्सम. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी कालवलं आणि ते घट्ट झालं की जिप्सम होतं. छताला असतं, हात मोडल्यावरच्या प्लास्टरमध्ये असतं. कोरडं ठणठणीत दिसतं ना? पण शंभर ग्रॅम जिप्सममध्ये सुमारे 21 ग्रॅम पाणी लपलेलं असतं. ओलं होऊन नाही, त्याच्या स्फटिकातच बांधलेलं. आग लागली की हे पाणी सुटतं आणि वाफ होऊन जातं. ते सगळं जाईपर्यंत जिप्समची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपासच अडून राहते. भिंतीच्या पोटात लपून बसलेला अग्निशमन बंब!

हे खोटं वाटत असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून एक करून बघा. साध्या कागदाची पुडी करून तिच्यात पाणी भरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा, ज्योत पाणी आहे तिथेच लागू द्यायची. कागद काळा पडतो, पाणी गरम होतं, पण पाणी असेपर्यंत कागद पेटत नाही. आलेली उष्णता पाणीच पळवून नेतं. पुडीला मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर नको आणि बाजूला भरलेली बादली हवी. बादलीशिवाय हा प्रयोग करणाऱ्याशी मी बोलणार नाही.

पेटतं का आणि किती वेळ उभं राहतं, या दोन प्रश्नांपैकी एक विसरला तर काय होतं? लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर नावाची 24 मजली इमारत होती. सांगाडा कॉंक्रीटचा. बाहेरून सजवायला तिला ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांचा झगा घातला होता, आणि त्या दोन पत्र्यांच्या मध्ये होतं पॉलिथिन, पिशव्यांचं असतं तेच. 14 जून 2017 च्या रात्री एका स्वयंपाकघरातली आग खिडकीतून त्या झग्याला लागली आणि बाहेरून वर चढत गेली. 72 माणसं गेली. सांगाडा मात्र आगीनंतरही उभाच होता.

गावाहून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुलावर चढलो आणि मयालीला वीत लावली. एक वीत रुंद, वर दोन बोटं. माझी वीत वीस सेंटिमीटरची. तासभर आग खाल्ली तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर जाईल, म्हणजे मधली चौदा तरी शिल्लक. वर कवेलू, खाली मातीच्या भिंती, दोन्हीकडे आगीला खाऊ नाही. हाताला पन्नास वर्षांची काजळी लागली होती आणि भाची खालून मोठमोठ्याने बोटं मोजत होती.

आजी भाताचा गंज उतरवून दारात आली, मला वर बघितलं आणि म्हणाली, "काहून मोजून राह्यला गा? मयाल विकतं का?"